ही पिन न्हाई, कानस हाय

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आमचं सुट्या भागांचं आणि दुरुस्तीचं काम चालतं. गेल्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या मशीनमधली झुलत्या हाताची पिन सारखी झिजत होती. तिला टायटॅनियम नायट्राइडचं कोटिंग करून घ्या, असं मीच सुचवलं. पाणी दिलेल्या पोलादाची कठीणता ७०० विकर्सच्या आसपास, या कोटिंगची २००० च्या वर. थर जेमतेम ३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पिन सोन्यासारखी होऊन आली.

तीन आठवड्यांत मशीन पुन्हा खडखडायला लागलं. पिन काढली तर तिच्यावर एक ओरखडा नाही. पिन ज्यात झुलते तो फॉस्फर ब्रॉन्झचा बुश, म्हणजे नळीसारखं अस्तर, मात्र पार खाल्लेला, भोक १६० मायक्रॉननं वाढलेलं. बोटावर घेतलेलं तेल उन्हात चकाकत होतं. ब्रॉन्झचा कीस होता तो. मालक म्हणाले, "बुशाचा माल हलका लावलाय तुम्ही." पिन आणि बुश शेजारी ठेवले की कुणालाही तसंच वाटलं असतं. मलाही क्षणभर वाटलं.

आमच्या फिटरमामांनी पिन पुसली, अंगठ्याचं नख तिच्यावर आडवं घासलं आणि पिन माझ्यापुढं धरली. सोनेरी पृष्ठभागावर नखाची पांढरी भुकटी पडली होती.

"साहेब, ही पिन न्हाई, कानस हाय."

सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तेव्हा पटलं. आर्क पद्धतीनं कोटिंग करताना वितळलेल्या टायटॅनियमचे बारीक थेंब उडतात आणि थरात अडकून बसतात. पृष्ठभागावर कणीच कणी दिसत होती. शिवाय एवढा पातळ थर खालच्या ग्राइंडिंगच्या रेषा बुजवत नाही, जशाच्या तशा वर आणतो. साधी पोलादी पिन असती तर तिच्या पृष्ठभागावरची बारीक टोकं चालून चालून बोथट झाली असती. ही टोकं बोथट होईनात, मग समोरचा मऊ बुशच तासला गेला.

पिन सलग गरगर फिरणारी असती तर तेलाच्या पदरानं दोघांना वेगळं ठेवलं असतं. तिथं कोटिंग असो वा नसो, घर्षण ठरतं ते तेलाच्या दाटपणावर. पण झुलणारी पिन झोक्याच्या प्रत्येक टोकाला क्षणभर थांबते. तिथं पदर तुटतो आणि धातूला धातू भिडतो. कोटिंग घ्यायचं ते याच जागेसाठी, आणि खरखरीत कोटिंग सगळ्यात जास्त मारतं तेही इथंच. हे मी आधी लक्षात घ्यायला हवं होतं. बुशाचे पैसे आम्ही घेतले नाहीत.

नवी पिन आधी आणखी बारीक ग्राइंड केली. कोटिंग होऊन आल्यावर मामांनी हिऱ्याच्या पेस्टनं हलक्या हातानं, थर उघडा पडणार नाही इतपतच, घासली. नख घासून बघितलं, सुळकन सरकलं. महिन्याभरानं बुश उघडला तेव्हा आत आरसा पडला होता आणि तेल स्वच्छ होतं.

त्या पिनच्या ड्रॉइंगवर आता कोटिंगच्या नोंदीखाली आणखी एक ओळ आहे : कोटिंगनंतर पॉलिश, फिनिश मोजूनच माल घ्यावा.