फ्रीकॅड उघडलं की इफेक्ट बंद, मिटलं की सुरू

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचा एक छोटा गाळा आहे. जिग-फिक्स्चर, म्हणजे मशीनिंग करताना जॉब जागेवर पक्का धरणारी साधनं, डिझाइन करून द्यायचं, मशीनिंग बाहेरून करून घ्यायचं, हा धंदा. डिझाइन फ्रीकॅड या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं आणि पार्टीला नीट दाखवायचं असलं तर ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर. कॉम्प्युटर एम. जी. रोडवरून घेतलेला सेकंडहँड डेस्कटॉप. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलं इंटेलचं जे आहे तेच. त्यावर कुबुंटू २४.०४ हे लिनक्स टाकलंय, म्हणजे पडद्यावर दिसणारा डेस्कटॉप केडीई प्लाझ्मा ५.२७.

असेंब्लीत पार्ट वाढले की मॉडेल फिरवताना झटके यायचे. एकटा असताना चालून जातं. पण पार्टी शेजारच्या खुर्चीत बसून क्लॅम्पकडे बोट दाखवत असते आणि क्लॅम्प अर्ध्या सेकंदाने मागून येतो. एकाने सरळ विचारलं, "भाऊ, मशीनवर पण असंच अडकणार का?"

रॅम वाढव, कार्ड टाक, असे सल्ले फुकट मिळतात. मी आधी ऑल्ट-शिफ्ट-एफ१२ दाबून पाहिलं. या शॉर्टकटने प्लाझ्माचं कंपोझिटिंग तात्पुरतं बंद होतं, म्हणजे सावल्या, पारदर्शकपणा, खिडक्या सरकण्या-विरघळण्याचा सगळा थाट जातो. फ्रीकॅडच्या प्रेफरन्सेसमध्ये, डिस्प्लेच्या भागात, सेकंदाला किती फ्रेम निघतात तो आकडा दाखवायची सोय आहे. ती चालू ठेवून तीच असेंब्ली, त्याच झूमवर, आधी इफेक्टसह आणि मग इफेक्टविना फिरवली. आकड्यात चांगलाच फरक पडला. ही तपासणी आधी करा असं माझं मत आहे. फरक पडला नाही तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही, दोष मॉडेलच्या वजनात आहे.

फरक का पडतो तेही सांगतो. कंपोझिटिंग चालू असताना कुठलीच खिडकी थेट पडद्यावर उमटत नाही. प्रत्येक खिडकी मेमरीत आपापल्या जागी रंगते, मग केविन (केडब्ल्यूइन, प्लाझ्माचा खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम) त्या सगळ्या गोळा करून, सावल्या वगैरे लावून एक चित्र बनवतो आणि ते पडद्यावर जातं. हे कामही ग्राफिक्स चिपच करते. चांगलं कार्ड असेल तर ते कळतही नाही. आमच्याकडे एकाच लेथवर दोन जॉब लावल्यासारखं होतं.

मग इफेक्ट कायमचे बंद का नाही केले? कारण ते मला लागतात. ऑल्ट-टॅब दाबल्यावर खिडक्यांची छोटी चित्रं दिसतात, ती कंपोझिटिंगशिवाय दिसत नाहीत. एकाच पार्टीच्या सात पीडीएफ उघड्या असताना नुसत्या नावांवरून कुठली कुठली ते कळत नाही, कारण सगळ्यांची नावं 'ड्रॉइंग फायनल' पासूनच सुरू होतात. शिवाय दिवसभर ज्याच्याकडे बघायचं ते जरा देखणं असावं, यात काय वाईट?

दर वेळी शॉर्टकट दाबायचा तर तो लक्षात ठेवावा लागतो, आणि माझ्याबरोबर ऑपरेटर पोरगाही त्याच मशीनवर बसतो. म्हणून आधी एक छोटी स्क्रिप्ट केली: डी-बसवरून (लिनक्समधले प्रोग्राम एकमेकांना निरोप देतात ती सोय) केविनला 'थांब' सांगायचं, फ्रीकॅड सुरू करायचं, ते मिटलं की 'चालू कर' सांगायचं. डेस्कटॉपवरच्या आयकॉनपुरती ती बरोबर चालते. पण फोल्डरमधून फाइलवर डबल-क्लिक केलं की स्क्रिप्टला वळसा घालून फ्रीकॅड थेट उघडतं. आणि फ्रीकॅड-ब्लेंडर दोन्ही चालू असताना एक मिटलं, की दुसऱ्याचं काम अर्ध्यात असताना इफेक्ट परत येतात.

ही जबाबदारी केविनवरच टाकता येते. फ्रीकॅड उघडं ठेवायचं, खिडकीवर ऑल्ट-एफ३ दाबायचं, 'मोअर ॲक्शन्स'मध्ये जाऊन त्या ॲप्लिकेशनच्या खास सेटिंगचा पर्याय निवडायचा. सिस्टिम सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजमेंट, मग विंडो रूल्स, असंही जाता येतं. तिथे 'ॲड प्रॉपर्टी' दाबलं की लांबलचक यादी येते. तिच्यात 'ब्लॉक कंपोझिटिंग' शोधायचं, 'फोर्स' निवडायचं, 'येस' करायचं, अप्लाय. एवढंच.

वेळ जातो तो खिडकी ओळखण्यात. नियम कुठल्या खिडकीला लागणार हे 'विंडो क्लास'वरून, म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या खिडकीच्या ठरलेल्या आतल्या नावावरून ठरतं, टायटलवरून ठरवू नका. टायटलमध्ये फाइलचं नाव येतं, फाइल बदलली की नियम गळून पडतो. 'डिटेक्ट विंडो प्रॉपर्टीज' दाबून कर्सरने खिडकीवर क्लिक केलं की क्लास आपोआप भरला जातो. वाइनवर (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवायची सोय) विंडोजचं एखादं सॉफ्टवेअर चालवत असाल तर क्लासच्या जागी त्याच्या ईएक्सई फाइलचं नाव दिसेल, त्यात गोंधळायचं कारण नाही. मी पुढे जुळवणीचा प्रकार 'रेग्युलर एक्स्प्रेशन' केला आणि फ्रीकॅड, ब्लेंडर ही दोन्ही नावं मध्ये उभी रेघ देऊन एकाच नियमात बसवली.

आता फ्रीकॅड उघडलं की पडदा क्षणभर काळा होतो आणि सावल्या जातात. ऑपरेटर पहिल्यांदा दचकून म्हणाला, "दादा, स्क्रीन गेली!" गेलेली नसते, केविन कंपोझिटिंग सोडत असतो. नियमात बसणारी शेवटची खिडकी मिटेपर्यंत इफेक्ट परत येत नाहीत, हा हिशेब तो स्वतः ठेवतो.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. नियम एका ॲप्लिकेशनचा असला तरी ते उघडं असेपर्यंत इफेक्ट अख्ख्या डेस्कटॉपचे जातात. माझा डेस्कटॉप एक्स११ वर चालतो, ती लिनक्समधली खिडक्या पडद्यावर दाखवायची जुनी पद्धत. तिच्यात कंपोझिटिंग एकतर सगळ्यांसाठी चालू, नाहीतर सगळ्यांसाठी बंद. 'फक्त या खिडकीपुरतं' असा प्रकार नाही. त्यामुळे फ्रीकॅड चालू असताना ऑल्ट-टॅबची चित्रंही मिळत नाहीत. भरभर स्क्रोल केलं तर मधूनच चित्र आडवं फाटल्यासारखं दिसतं. मला ते परवडतं. व्हिडिओ एडिटिंगवाल्याला कदाचित परवडणार नाही.

समोरच्या गाळ्यातल्या मित्राचं विंडोज ७ चं जुनं मशीन आहे. तिथे शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये, कम्पॅटिबिलिटी टॅबवर 'डिसेबल डेस्कटॉप कंपोझिशन' अशी टिकच असते. विंडोज ८ पासून ती सोय गेली, कारण तिथे कंपोझिशन बंदच करता येत नाही.

लिनक्सही तिकडेच चाललंय. वेलँड ही एक्स११ च्या जागी येणारी नवी पद्धत. तिच्यात केविन स्वतःच कंपोझिटर असतो, सगळ्या खिडक्यांचं एक चित्र करणं हे त्याचं कायमचंच काम, त्यामुळे 'ब्लॉक कंपोझिटिंग'चा तिथे उपयोग नाही. ऑपरेटरच्या लॅपटॉपवर मी केविनची नियमांची फाइल जशीच्या तशी कॉपी केली होती, ती होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात असते. तिथे काहीच झालं नाही, कारण त्याचं लॉगिन वेलँडचं होतं. लॉगिनच्या पडद्यावर एक्स११ निवडल्यावर नियम लागू झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या प्लाझ्मा ६ पासून तर वेलँडच डिफॉल्ट आहे. कुबुंटू २४.०४ चा सपोर्ट एप्रिल २०२७ पर्यंत आहे, तोवर डेस्कटॉप आहे तसाच ठेवणार. नंतर बहुतेक ग्राफिक्स कार्डच घ्यावं लागेल.