मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की कॅरेट बाहेर

आमचं घर नाशिकच्या पंचवटीत, गोदावरीपासून जेमतेम दोन गल्ल्या वर, मागच्या अंगणात सात गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा. पावसाळा सुरू झाला की आमच्या घरात रोज एकच चौकशी, गंगापूर धरणातून पाणी किती सोडलं. क्युसेक क्युसेक सगळेच म्हणतात, पण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, आणि ते हजारोंनी सुटतं हे डोक्यात बसलं की मग झोप लागत नाही.

४ ऑगस्ट २०१९, रविवार होता. त्याआधी २०१६ चा पूर पाहिलेला, त्यामुळे आम्हाला वाटलं की कळतं आपल्याला कधी निघायचं. दुतोंड्या मारुती, म्हणजे नदीपात्रातली ती मूर्ती जिच्यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात, बुडत आला तरी आम्ही सामानच वर चढवत होतो, आणि कोंबड्या आठवल्या तेव्हा अंगणात घोट्याएवढं पाणी. भर दिवसा घाबरलेल्या कोंबड्या धरायच्या म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत, एक भिंतीवर, दोन शेजाऱ्यांच्या पत्र्यावर, आई पदरात दोन घेऊन जिन्यावर उभी. तांबडी खुडूक होती, जुन्या पिंपामागे अंड्यांवर बसलेली. खुडूक कोंबडी जागा सोडत नाही हो. आम्ही पिंपाकडे पोचलो तेव्हा उशीर झाला होता. अजून त्या कोपऱ्यात झाडू मारताना आई थांबते.

तेव्हापासून आमचा नियम ठरला, मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की कॅरेट बाहेर काढायचे, कमरेपर्यंत वाट बघायची नाही. आणि विसर्ग वाढणार असं कळलं की त्याच संध्याकाळी कोंबड्या भरायच्या. रात्री खुराड्यात बसल्या की त्यांना अंधारात धड दिसत नाही, गप्प असतात, दोन्ही हातांनी पंख अंगाशी दाबून उचलायचं की झालं. पाय धरून उलटं लटकवू नका प्लीज, सगळे तसंच नेतात पण त्यांना श्वास घ्यायला त्रास होतो.

कॅरेट म्हणजे आपले टोमॅटोचेच, नाशकात त्यांना काय तोटा. एकावर एक उलटा ठेवून चारी बाजूंनी केबल टायने बांधला की मस्त हवेशीर पेटी होते, एकात दोन, फार तर तीन कोंबड्या, कोंबडा वेगळा. खाली बारदान घाला, पेपर नको, त्यावर पाय घसरतात. वाटीतलं पाणी रिक्षात सांडतं म्हणून काकडीचे तुकडे टाकायचे आणि पोचल्यावर लगेच पाणी ठेवायचं. वरून प्लास्टिक टाका पण बाजू उघड्या ठेवा, कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकायला लागली की समजा आत कोंदट झालंय. पिल्लं असतील तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून सोबत, कारण लाईट तर जाणारच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जायचं कुठे ते आधी ठरवा. पूरग्रस्तांची सोय शाळेत होते, तिथे माणसांनाच जागा पुरत नाही, कोंबड्या कोण घेणार? आमची मावशी म्हसरूळला उंचावर राहते, तिला मे महिन्यातच विचारून ठेवतो, मक्याचा भरडा हवाबंद डब्यात तिच्याकडे आधीच पाठवतो. तिच्याही कोंबड्या आहेत म्हणून आमच्या दोन आठवडे गच्चीवर वेगळ्या, भांडी वेगळी, कारण राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग शिरला तर दोन्हीकडचं खुराडं रिकामं होईल. लस पावसाळ्याआधीच देऊन घ्यायची, तिचा असर यायलाही काही दिवस जातात. पायात रंगीत दोरा आणि मोबाईलमध्ये प्रत्येकीचा फोटो, हरवली तर आपली कुठली ते सांगता येतं.

परत आल्यावर घाई नको. गाळ काढून, चुना मारून, पूर्ण सुकल्यावरच खुराड्यात सोडा, ओल्यात रक्ती हगवण लगेच होते. भिजलेलं खाद्य कितीही जीवावर आलं तरी फेका, बुरशी आली की ते विषच.

यंदा एप्रिलपासून कॅरेट अंगणातच उघडे ठेवलेत, आत मूठभर तांदळाची कणी टाकतो. काल पहिल्यांदा सातच्या सात आपणहून आत जाऊन बसल्या, कोंबडा मात्र अजून बाहेरूनच बघतो. खाली गोदाकाठच्या सायखेडा-चांदोरीकडे ज्यांच्याकडे पन्नास-शंभर पक्षी आहेत ते एवढे कसे हलवतात, नक्की सांगा.