चित्रावाचून पार्श्वसंगीत

चित्रपटासाठी ध्वनिमुद्रित झालेले सगळे संगीत, प्रसंगांच्या क्रमाने आणि एकही तुकडा न गाळता ऐकायला मिळावे, ही पार्श्वसंगीताच्या चाहत्यांची जुनी मागणी आहे, आणि सीडीच्या काळापासून निघत आलेल्या विस्तारित आवृत्त्यांनी ती बऱ्याच अंशी पूर्णही केली आहे. अभ्यासासाठी या आवृत्त्यांचे मोल मोठे आहे. मात्र चित्र बाजूला ठेवून निव्वळ संगीत म्हणून ऐकायचे असेल, तर संगीतकाराने स्वतः निवडून, जोडून, प्रसंगी क्रम बदलून सिद्ध केलेला अल्बम मला जवळजवळ नेहमीच अधिक समाधान देतो.

याचे कारण या संगीताच्या घडणीतच आहे. संकलन झालेल्या दृश्यांवर संगीत रचताना दार कोणत्या क्षणी उघडते, चेहऱ्यावरचा भाव कोणत्या क्षणी बदलतो, याच्या वेळा सेकंदाच्या अंशापर्यंत टिपलेल्या असतात आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी अनेकदा वादकांच्या कानात क्लिक ट्रॅकचे, म्हणजे ठरलेला वेग दाखवणारे, ठोके चालू असतात. स्वरवाक्य पुरे होण्याआधी दृश्य बदलले, तर आवरते घ्यावे लागते ते स्वरवाक्यालाच. पडद्यासमोर बसलेले असताना हे खटकत नाही, कारण त्या वळणाचे कारण डोळ्यांनी पाहिलेले असते. चित्र काढून घेतले की तेच वळण अकारण वाटू लागते. संवादांखाली ताण धरून ठेवणारा एखादा लांबलचक स्वरही चित्रपटात आपले काम चोख करतो, पण अल्बमवर तो केवळ वाट पाहायला लावतो. यात संगीतकाराचे काहीच उणे नाही. त्याने ते संगीत ज्या कामासाठी लिहिले, ते काम तेथे पुरे झालेले असते.

‘स्टार वॉर्स’चा १९७७चा दोन तबकड्यांचा अल्बम या दृष्टीने ऐकण्यासारखा आहे. जॉन विल्यम्स यांनी त्यात कथेचा क्रम न पाळता वेग, वजन आणि वाद्यरंग यांचा तोल साधून तुकड्यांची मांडणी केली. चित्रपटात राजकन्या लेआची धून प्रसंगांच्या गरजेप्रमाणे तुकड्यातुकड्यांनी भेटते, तर अल्बमवर तिला आरंभ, विस्तार आणि शेवट असलेली स्वतंत्र रचना लाभली आहे. १९९७मध्ये आलेल्या आवृत्तीत हेच संगीत चित्रपटाच्या क्रमाने आले. दोन्ही मी मनापासून ऐकले आहेत. दुसरीत मला कथा अधिक चांगली कळते आणि पहिलीत संगीत.

हा मार्ग विल्यम्स यांच्या फार आधीपासूनचा आहे. सर्गेई प्रोकोफिएव यांनी आयझेनस्टाइन यांच्या ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ या १९३८च्या चित्रपटाचे संगीत पुढच्याच वर्षी वाद्यवृंद, समूहगायन आणि एकल स्त्रीस्वर यांच्यासाठी सात भागांच्या रचनेत नव्याने बांधले. चित्रपटातले मूळ ध्वनिमुद्रण इतके क्षीण आहे की गोठलेल्या सरोवरावरील युद्धाचे संगीत खऱ्या ताकदीने ऐकायचे, तर त्या सात भागांकडेच जावे लागते.

संगीत चित्राच्या आधी तयार झाले असेल, तर गोष्ट वेगळी होते. सर्जिओ लिओने यांच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) या चित्रपटासाठी एन्निओ मोरिकोने यांनी मुख्य धुना चित्रीकरणाआधीच रचल्या होत्या आणि त्या चित्रीकरणस्थळी वाजवल्या जात. ‘ट्विन पीक्स’ या मालिकेतली लॉरा पामरची धून आंजेलो बादालामेंती यांना सुचली तीही दिग्दर्शक डेव्हिड लिंच शेजारी बसून दृश्याचे वर्णन करत असताना, कळफलकावर बोटे फिरवता फिरवता. अशा धुनांना श्वास घ्यायला पुरेशी जागा मिळालेली असते, आणि चित्र नसतानाही ती जागा ऐकू येते.

तरी हा नियम सरसकट लावता येत नाही. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी डिसेंबर १९५७मध्ये पॅरिसमध्ये लुई माल यांच्या चित्रपटासाठी जे वाजवले, ते चालू दृश्यांकडे पाहत, थोड्याशा स्वरसंगतींच्या आधारावर, जागच्या जागी सुचलेले होते. चित्राशी याहून जवळचे नाते कोणते असणार? पण उत्स्फूर्त वादनात वादक आपले वाक्य आपल्याच श्वासाने संपवतो, म्हणून ते संगीत एकटेही भक्कम उभे राहते. पुढे सीडीवर याच ध्वनिमुद्रणातील इतर प्रयत्नही प्रसिद्ध झाले. सगळे काही ऐकायला मिळावे या मागणीशी मी येथे पूर्णपणे सहमत आहे, कारण एकाच दृश्यासमोर सुचलेली वेगवेगळी वाक्ये तेथे शेजारी शेजारी ऐकता येतात.

मालिकांच्या बाबतीत निवडीचे महत्त्व आणखी वाढते, कारण त्याच धुना भागामागून भाग परतत राहतात. ‘चेर्नोबिल’ (२०१९)साठी हिल्डुर गुडनाडोटिर यांनी लिथुआनियातील बंद पडलेल्या अणुवीजकेंद्रात जाऊन तेथील आवाज टिपले आणि ते आवाज व स्वतःचा गळा यांतून संगीत घडवले. पाहताना हे संगीत आहे की इमारतीचाच गुंजारव, हे अनेकदा उमगत नाही. अल्बमवर मात्र त्या आवाजांमागचा संथ, विचारपूर्वक आखलेला काळ स्पष्ट होतो आणि मानवी स्वर कधी येतो, किती थांबतो, याकडे लक्ष जाते.

अशा ऐकण्याची सवय लावायची असेल, तर न पाहिलेल्या चित्रपटांच्या अल्बमपासून आरंभ करावा, असे मी आवर्जून सुचवेन. प्रसंग ठाऊक नसल्यामुळे कान आपोआप धून, लय आणि वाद्यमेळ यांच्याकडे वळतात. तुकड्यांची नावे वाचून कथा जुळवण्याचा मोहही पहिल्या ऐकण्यात आवरावा. नंतर चित्रपट पाहिला, की संगीतकाराने कोणत्या जागा दृश्यासाठी सोडल्या होत्या आणि त्यांतल्या कोणत्या अल्बमसाठी भरून घेतल्या, हे बारकाईने ताडून पाहता येते.