दोन वर्षांचे मूल आणि ‘थांबून बघू’ हा सल्ला

मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नसेल, तर सोलापुरातल्या बहुतेक घरांत पहिला सल्ला थांबण्याचाच मिळतो. याचे वडीलही उशिराच बोलले होते, बालवाडीत घातले की चार मुलांत सुधारेल, असे म्हणणारी माणसे मायेने म्हणतात आणि कित्येकदा त्यांचे खरेही ठरते. परंतु हाक मारल्यावर मूल वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, आवडलेले खेळणे आणून कुणाला दाखवत नाही, पाणी हवे असेल तर मोठ्या माणसाचा हात धरून त्याला माठाकडे ओढत नेते पण त्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही, किंवा आलेले चार शब्दही हरवत जातात, अशा गोष्टी एकत्र दिसू लागल्या की थांबण्यात शहाणपण उरत नाही. या ऑटिझमच्या, म्हणजे इतरांशी संवाद साधणे आणि मिसळणे मुलाला जड जाते अशा मेंदूच्या वेगळ्या वाढीच्या, खुणा असू शकतात. आमच्या मुलात यातल्या बहुतेक होत्या. आता तो सात वर्षांचा आहे, आणि ज्यांच्या घरी आज दोन-अडीच वर्षांचे असे मूल आहे त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे.

सर्वप्रथम कानांची तपासणी करून घ्यावी, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला ओ देत नाही. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची चाचणी बालरोगतज्ज्ञ वापरतात. त्या चाचणीने निदान होत नाही. पुढे सविस्तर तपासणी हवी की नको एवढेच कळते. निदानाचा कागद हातात पडायला वेळ लागू शकतो, पण थेरपी सुरू करण्यासाठी त्या कागदाची वाट पाहण्याचे कारण नाही. मूल बोट दाखवत नसेल तर त्याला बोट दाखवायला शिकवणे हे निदान काहीही निघाले तरी उपयोगाचेच आहे.

लवकर म्हणजे का लवकर, हे समजून घेतले पाहिजे. पहिल्या काही वर्षांत मेंदूची जडणघडण वेगाने होत असते हे खरे आहेच; पण त्याहून महत्त्वाचे मला हे वाटते की भाषा दोघांनी मिळून एका गोष्टीकडे पाहण्यातून उगवते. आई कावळा दाखवते, मूल कावळ्याकडे आणि मग आईकडे पाहते, आई ‘काऊ’ म्हणते. ऑटिझम असलेल्या मुलात ही देवाणघेवाणच कमी घडते, त्यामुळे दिवसाकाठी शिकण्याच्या असंख्य संधी निसटतात आणि अंतर वाढत जाते. लवकर सुरू केलेली वर्तन-थेरपी, म्हणजे छोट्या पायऱ्यांनी आणि प्रत्येक प्रयत्नाला लगेच दाद देत शिकवण्याची पद्धत, या संधी मुद्दाम निर्माण करते.

या थेरपीचा इतिहास सरळ नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना आठवड्याला चाळीस तासांपर्यंत एकास एक शिकवण दिली होती, आणि त्या गटातील १९ पैकी ९ मुले पुढे सर्वसाधारण शाळेत इतर मुलांच्या बरोबरीने शिकू लागली असे नोंदवले होते. या निकालाने जगभरच्या पालकांना आशा दिली. मात्र त्या काळी चुकलेल्या मुलाला जोरात दटावणे, मांडीवर चापट मारणे हेही पद्धतीचा भाग होते, आणि आज ते कोणत्याही कारणाने मान्य करता येणार नाही. ऑटिझम असलेली, आता मोठी झालेली अनेक माणसे सांगतात की बळेच डोळ्यांत बघायला लावणे आणि हात हलवणे बंद करवणे यांचा त्यांना त्रास झाला. हे पालकांनी मनापासून ऐकले पाहिजे. पुढे सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांनी विकसित केलेल्या डेन्व्हर मॉडेलमध्ये तीच शिकवणीची तत्त्वे खेळात, जेवणात, अंघोळीत मिसळली गेली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत अठरा ते तीस महिने वयाच्या ४८ मुलांचा समावेश होता आणि ही थेरपी मिळालेल्या मुलांची भाषा व आकलन अधिक सुधारलेले दिसले.

प्रत्यक्षात हे कसे चालते? आमच्या मुलाला शेंगाची चटणी लावलेली भाकरी फार प्रिय होती. थेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे आम्ही ताटात सगळी भाकरी न वाढता एक तुकडा देऊन थांबू लागलो. तो माझा हात ओढू लागला की माझ्या सासूबाई, म्हणजे त्याची आजी, मागून त्याचा हात अलगद पुढे करी, आणि हात पुढे आला की मी ‘दे’ म्हणून तत्क्षणी तुकडा देत असे. आजीचा आधार हळूहळू कमी करत नेला. आधी मनगटाला, मग कोपराला नुसता स्पर्श, मग काहीच नाही. पुढे त्याच्या तोंडून ‘दे’चा अर्धामुर्धा आवाज आला तेव्हा तोही आम्ही पूर्ण शब्दाइतकाच मानला. रडण्या-ओरडण्याकडेही असेच पाहायला शिकावे लागते: आधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर त्याला काय मिळाले. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांच्या गोंगाटात तो कान झाकून जमिनीवर लोळला, तर तो हट्ट नव्हता, आवाज असह्य झाल्याचे ते सांगणे होते. अशा वेळी त्याला गप्प बसवण्यापेक्षा ‘चला’ असा हाताचा इशारा शिकवणे जास्त मोलाचे ठरले. नको म्हणता येणे हे मागता येण्याइतकेच मोठे कौशल्य आहे, आणि जो थेरपिस्ट ते शिकवतो त्याच्यावर माझा विश्वास बसतो. पालकांना दाराबाहेर बसवून आत काय चालते ते न सांगणाऱ्या केंद्रात मात्र मूल ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चाळीस तासांचा आकडा ऐकून अनेक आईवडील खचतात. यंत्रमागावर किंवा विड्या वळून चालणाऱ्या घराला तो खर्च पेलणार नाही. पण २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या विश्लेषणात जास्त तास म्हणजे जास्त फायदा असा संबंध आढळला नाही. गोवा आणि रावळपिंडी येथे झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद साधायला शिकवले, आणि पालक-मुलांच्या संवादात सुधारणा दिसली. म्हणून आठवड्यातले थोडे सेशन आणि उरलेल्या दिवसांत घराने तेच करणे, हा मार्ग दुय्यम समजू नये. कर्ज काढून स्टेम सेलच्या इंजेक्शनांकडे तर वळूच नये. त्याने ऑटिझम सुधारतो याला पुरेसा आधार नाही.

सोलापूरच्या पालकांना आणखी एक प्रश्न हमखास पडतो. घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी, शाळेत इंग्रजी, मग मुलाशी बोलायचे कशात? घरची भाषा सोडून एकच भाषा धरा, असे अनेकांना सांगितले जाते. पण दोन भाषा ऐकल्याने ऑटिझम असलेल्या मुलाची भाषा मागे पडते असे संशोधनात दिसलेले नाही. आजीला जी भाषा सहज येते तीच तिने बोलावी, कारण तोडक्यामोडक्या परक्या भाषेत ती त्याच्याशी निम्मेही बोलणार नाही.

पैशांच्या बाबतीत, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत तपासणीला येतात, त्यांच्यासमोर वरच्या खुणा स्पष्ट शब्दांत सांगाव्यात आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची मागणी करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, त्यामुळे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळते, आणि राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या विम्यात थेरपीचाही काही खर्च भागतो. प्रमाणपत्राचा अर्ज थेरपी सुरू असतानाच करून टाकावा.