ब्रिज आणि इंटोनेशन : कामाची नोंद

इलेक्ट्रिक गिटार स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) धाटणीची, ट्रेमोलो ब्रिज (तारांचा खालचा, हलता टेकू), स्केल (तारेची वाजणारी लांबी) 25.5 इंच म्हणजे 648 मिमी. इंटोनेशन म्हणजे फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या पट्टीवर) दाबलेला सूर खरा लागणं. ठाण्याचा पावसाळा आणि घोडबंदरकडची खाडीची हवा. सॅडल (ब्रिजवरचा प्रत्येक तारेचा स्वतंत्र टेकू) उंच-खाली करणाऱ्या 12 स्क्रूंपैकी 5 गंजून जाम. नव्या 10-46 (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) तारा चढवून, ताणून बाराव्या फ्रेटवर मोजलं. हार्मोनिकच्या (तार न दाबता नुसती स्पर्शून निघणारा सूर) तुलनेत दाबलेला सूर जाड ई वर 11 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा, ए 6, डी 4, जी 7, बी 3, बारीक ई 2.

सहाच्या सहा तारा चढ्या निघाल्या की सॅडल मागे ओढून तार लांबवायचा मोह होतो. तो आवरायचा. तार फ्रेटपासून जितकी उंच, तितकी दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. इथे सतराव्या फ्रेटवर जाड ई 2.4 मिमी उंच होती. नेकचा (दांड्याचा) बाक मोजायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटचा फ्रेट दाबलेला, आणि आठव्यावर फिलर गेज (गॅरेजवाले टॅपेटला वापरतात तीच) : 0.45 मिमी. ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव फेरा आवळला, तासाभराने पुन्हा पाव. 0.25 वर थांबलो.

आता गंजलेले स्क्रू. पिकअपवर (तारांखालच्या चुंबकी माइकवर) मास्किंग टेप, मग प्रत्येक स्क्रूला डब्ल्यूडी-40 चा एकेक थेंब आणि रात्रभर विश्रांती. 1.5 मिमीची अॅलन की तळापर्यंत बसवून आधी किंचित आवळायचं, मग सोडवायचं. गंजाची पकड तशी लवकर सुटते. तरी हलत नसेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक अर्धा मिनिट टेकवायचं. चार निघाले. पाचव्याचं भोक गोल झालं होतं, तेव्हा सॅडल काढून खालून डोकावणारं टोक पक्कडीत धरून फिरवलं. बदली म्हणून स्टेनलेसचे एम 3 (3 मिमी जाडीचे) ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे), लांबी 10 मिमी. वागळे इस्टेटकडे नट-बोल्टच्या दुकानात नमुना दाखवून मागावेत. अमेरिकन बनावटीच्या बऱ्याच सॅडलना 0.05 इंचाची की लागते, तिथे मिलिमीटरची कोंबू नये.

ए च्या सॅडलवर तारेने रुंद, सपाट चरा पाडला होता. सतारीच्या घोडीवर मुद्दाम काढतात ती जवारी इथे फुकट मिळत होती, सुराबरोबर झंकार. 600 नंबरच्या पॉलिशपेपरने माथा गोल केला आणि चऱ्यात शिसपेन्सिल घासली.

उंची 1.6 मिमीवर आणल्यावर आकडे आपोआप उतरले : 7, 3, 1, 4, 1, 0. निम्मं काम सॅडल मागेपुढे न करताच झालं. उरलेल्यासाठी हिशेब सोपा आहे. या स्केलवर सॅडल 1 मिमी मागे गेलं की फरक साधारण 2.7 सेंटनी कमी होतो. म्हणजे जाड ई ला 2.6 मिमी हवेत. पण तिची स्प्रिंग 1.5 मिमीवरच पूर्ण दाबली जात होती. दोन वेढे कापून टाकले. सॅडल सरकवण्याआधी तार सैल करायचीच, नाहीतर स्क्रूचं डोकं झिजतं. प्रत्येक वेळी गिटार मांडीवर, वाजवायच्या स्थितीत धरून ट्यून करायची.

तरीही जाड ई चा आकडा ट्यूनरवर डुलत होता. पिकअपचं चुंबक तार खेचत होतं. शेवटचा फ्रेट दाबून, तारेपासून 2.4 मिमी अंतर राहील इतका पिकअप खाली घेतला, सुई स्थिर झाली.

जी तार मात्र कानाला फसवते. तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला मेजर कॉर्डमधला गंधार चढा वाटतोच, कारण गिटारचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा 14 सेंट वर असतो. ते सॅडलने सुटत नाही.

शेवटचं मोजमाप : सहाही तारा 1 सेंटच्या आत. पहिल्या फ्रेटवरचा एफ अजून 6 सेंट चढा आहे. तिसरा फ्रेट दाबून पाहिलं तर पहिल्यावर कागदाचे दोन पदर जातात, एकच जायला हवा. नटची (नेकच्या वरच्या टोकाच्या टेकूची) खाच खोल करायची आहे.