डाग एका जागी, दुखापत दुसऱ्या

आज सोळा वर्षांच्या पुतण्याला घेऊन गुहागरहून चिपळूणला एमआरआयसाठी गेलो होतो. गेल्या रविवारी कबड्डीत चढाई करून मध्यरेषेकडे झेपावताना त्याच्या मांडीच्या मागे चमक निघाली आणि तो तिथेच बसला. तिसऱ्या दिवशी गुडघ्यामागे जांभळा डाग उमटल्यामुळे आम्ही सगळे गुडघ्याचीच चिंता करत होतो (आईने तर तेल गरम करायला घेतले होते, ते कसेबसे थांबवले).

रेडिओलॉजिस्ट बाईंनी समजावले, की फाटलेल्या स्नायूतले रक्त खाली उतरत जाते, त्यामुळे डागावरून जागा ठरवता येत नाही. पडद्यावर मांडीच्या मागच्या तीन स्नायूंपैकी बाहेरच्या, म्हणजे बायसेप्स फिमोरिसच्या, स्नायू आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जिथे जुळतात त्या भागात पिसासारखी पांढरी छटा पसरलेली होती, ती सूज. बसताना टेकते त्या हाडावरची कंडरा मात्र शाबूत होती. ती उखडली असती, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागला असता. आधीच्या एक्स-रेत स्नायू दिसत नाहीत. पण या वयात कंडरेबरोबर हाडाचा तुकडाही निघू शकतो, म्हणून तो काढला होता. सोनोग्राफी स्वस्त पडते, परंतु इतक्या वरची, खोल जागा तिच्यात नीट दिसेलच असे नाही.

"मग मॅच कधी?" हा त्याचा पहिला प्रश्न. बाई हसून म्हणाल्या, "ते या फोटोत दिसत नाही रे, फिजिओथेरपिस्टना विचार." परतताना एसटीत तो एका कुशीवर कलून, गप्प बसला होता.