आवकेच्या एक्सेल फाइलमध्ये इव्हेंट मॅक्रो : माझा अनुभव

नागपुरात कळमना बाजारात संत्र्याची आवक वाढली की अडत्याकडे एकाच एक्सेल फाइलमध्ये दिवसभर नोंदी पडतात. अशा फाइलसाठी मला एवढंच हवं होतं : सी स्तंभात क्रेटची संख्या भरली की डी स्तंभात त्या क्षणाची तारीख-वेळ बसावी. नाऊचं सूत्र इथे निरुपयोगी, कारण शीटची पुन्हा गणना झाली की जुन्या नोंदींचीही वेळ बदलते. म्हणून 'वर्कशीट चेंज' हा इव्हेंट घेतला, म्हणजे शीटमध्ये काही बदललं की आपोआप चालणारा मॅक्रो (एक्सेलमध्ये लिहिलेला छोटा कोड).

हा कोड त्या शीटच्याच मॉड्यूलमध्ये, म्हणजे कोड लिहिण्याच्या पानावर हवा. शीटच्या टॅबवर राइट क्लिक, व्ह्यू कोड, मग वरच्या दोन याद्यांतून वर्कशीट आणि चेंज. साध्या मॉड्यूलमध्ये लिहिला तर तो चालत नाही आणि एररही दाखवत नाही.

खरी गोम पुढे आहे. डी मध्ये वेळ लिहिणं हाही बदलच, त्यामुळे इव्हेंट स्वतःलाच पुन्हा बोलावतो. त्यासाठी लिहिण्याआधी 'ॲप्लिकेशन.एनेबलइव्हेंट्स' फॉल्स आणि नंतर ट्रू करायचं. मध्येच एरर येऊन कोड थांबला तर ते फॉल्सच राहतं, तेही उघड्या असलेल्या सगळ्या फाइलींसाठी. मग नोंदी पडत राहतात, वेळ बसत नाही आणि कुणाला कळतही नाही. माझ्या मते 'ऑन एरर गोटू' (एरर आली की ठरावीक लेबलवर, म्हणजे नाव दिलेल्या ओळीवर उडी मार) लिहून शेवटच्या लेबलखाली ट्रू करणं इथे सक्तीचंच आहे. अडकलंच तर आल्ट-एफ११ने कोडची खिडकी उघडा, कंट्रोल-जीने तिथली इमिजिएट विंडो, आणि तिथे ट्रूची ओळ टाइप करून एंटर.

एरर येते कशामुळे? बहुतेकदा पेस्टमुळे. एकदम वीस ओळी चिकटवल्या की 'टार्गेट' (बदललेला भाग) हा एक सेल न राहता वीस सेल होतो, त्याची संख्येशी तुलना केली की एरर १३. आधी इंटरसेक्ट (दोन भागांतले सामाईक सेल देणारी आज्ञा) वापरून सी स्तंभापुरता भाग काढा, तो नथिंग म्हणजे रिकामा असेल तर बाहेर पडा, नाहीतर फॉर ईच लावून एकेक सेल तपासा. संख्या पुसली तर वेळही पुसा.

दुसरं कारण प्रोटेक्ट केलेली शीट. वेळ कुणी हाताने बदलू नये म्हणून डी लॉक केला की मॅक्रोलाही एरर १००४ येते. प्रोटेक्ट करताना 'यूजरइंटरफेसओन्ली' ट्रू दिलं की मॅक्रोला मोकळीक मिळते, पण ही मुभा फाइल बंद होताच जाते. म्हणून ती ओळ फाइल उघडताच चालणाऱ्या 'वर्कबुक ओपन' इव्हेंटमध्ये हवी. शिफ्ट दाबून फाइल उघडली तर नेमका तोच इव्हेंट टळतो.

मॅक्रोने सेलमध्ये लिहिलं की अनडूची यादी रिकामी होते, हे नोंदी करणाऱ्या दिवाणजींना आधीच सांगा. फाइल एक्सएलएसएम (मॅक्रो साठवणारा प्रकार) म्हणूनच सेव्ह करा. ती मेलने आली आणि मॅक्रो अडवल्याची लाल पट्टी दिसली, तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉकवर खूण करा, पण पाठवणारा ओळखीचा असेल तरच.